खालून तिसरी ओळ

४ मार्च

मावशी,

नमस्कार वगैरे वरच्या कोऱ्या जागेत आहेत, शोधून घे.

बोटी रंगवायचं काम सुटलं. सुटलं म्हणजे मीच सोडलं, पण त्यांचा ब्रश माझ्या पिशवीत राहिलाय, तो द्यायला जायचंय. सध्या एका लॉन्ड्रीच्या वरच्या खोलीत राहते. खाली भली मोठी मशीनं फिरतात आणि त्यांच्या तालावर माझी खाट सरकत असते. भिंतीशी झोपावं आणि दाराशी उठावं, असं चाललंय. चालत न जाता प्रवास. दुपारी खाली चादरींच्या घड्या घालते. मोठ्या चादरीला दोघी लागतात. पलीकडचं टोक धरणारी बाई तोंडातून अक्षर काढत नाही, नुसता कोपरा झटकते. एकदा झटकला तर 'जवळ ये', दोनदा झटकला तर 'अक्कल कुठे ठेवून आलीस'. मला एकदावाला अजून मिळालेला नाही.

तू म्हणशील, मुद्द्यावर ये. आले.

इंटरनेटवरच्या आपल्या दुरुस्ती-कट्ट्यावर मला बढती मिळाली. तू तिथे नुसती उत्तरं लिहितेस, आतला कारभार तुला माहीत नसेल, म्हणून सांगते. कोणीतरी विचारतं, माझं शिलाई मशीन टाके सोडतं, काय करू. तू उत्तर लिहितेस. मग कोणी तिसराच येतो आणि तुझ्या उत्तरात सुधारणा सुचवतो. ती सुधारणा आधी परीक्षकाकडे जाते. परीक्षक 'स्वीकार' म्हणाला तर ती उत्तरात बसते. 'नकार' म्हणाला तर सुचवणाऱ्याला परत, खाली कारण आणि परीक्षकाचं नाव. तर ती परीक्षक आता मी. कॉलेज अर्ध्यात सोडून परीक्षेला न बसलेली मी दुसऱ्यांचे पेपर तपासते. जो उठतो तो शब्दाला दुसऱ्या कुठल्यातरी पानाचा दुवा लावतो, हे मला आत आल्यावर कळलं. शब्द निळा झाला की शहाणा दिसतो, असं लोकांना वाटतं.

तुझी उत्तरं मी अजून पाहिली नाहीत. मध्ये एका माणसाचा प्रश्न आला, कोंबडीच्या खुराड्याचं दार आपोआप कसं लावावं. त्यात संध्याकाळ गेली.

तुझी,
भिंगरी


१४ मार्च

चि. भिंगरी,

आशीर्वाद. आधी ब्रश परत कर.

तू फोन न करता कागदावर लिहितेस ते बरं करतेस. फोनवर तू नुसती 'हो हो' करतेस. कागदावर खोटं लिहायला वेळ लागतो, तेवढ्यात माणसाला लाज वाटते.

तुझी बढती अगदी वेळेवर झाली. माझं एक काम कर. 'चष्मा' नावाचं कोणीतरी हात धुऊन माझ्या उत्तरांच्या मागे लागलंय. मी लिहिलं, सुई बोथट झाली की कापड ओढलं जातं. चष्म्यानं 'सुई' या शब्दाला दुवा लावला. उघडून बघते तर सुईचा इतिहास. हाडाची सुई, काट्याची सुई, कोणत्या गुहेत कोणाला सापडली. जिचं मशीन भर कामात अडलंय तिनं गुहेत जायचं? आणि खाली टीप: 'पाहा: पान बारा, खालून तिसरी ओळ.' खालून. वरून मोजायला काय धाड भरली होती?

तुझ्या आधीच्या कोणा परीक्षकानं ते डोळे मिटून स्वीकारलं. आता माझ्या उत्तराच्या मधोमध एक निळी गुहा आहे.

दुकानात केस पिकेपर्यंत मी मशीनं उघडली. माझं म्हणणं माझ्या हातांनी तपासलेलं आहे, त्याला पुस्तकातल्या साक्षीदारांची गरज नाही. चष्म्याचं जे येईल ते परत पाठव. लोक माझ्या नावावर विश्वास ठेवून स्क्रू फिरवतात, ते नाव गढूळ व्हायला नको.

आणि आईला दोन ओळी लिही. ताई आणि मी बोलत नाही हा आमचा दोघींचा कारभार आहे, तू त्यात भागीदार होऊ नकोस. ती तुझी विचारपूस करत असेल. मला विचारणार नाही, पण कुणाला तरी विचारत असेल.

मावशी


२७ मार्च

मावशी,

हुकमाची तामिली सुरू आहे. चष्मा म्हणजे हाडाचा चिवट प्राणी. एक परत पाठवला की दुसरा हजर. माझे काही नकार तुझ्या करमणुकीसाठी उतरवते:

'नकार. "कात्री" शब्दाला दुवा लावल्यानं कात्रीला धार येत नाही.'

'नकार. मी आत्ताच ढीगभर चादरींच्या घड्या घालून आले आहे, पाय भरून आलेत, आणि तुम्ही मला "धागा" म्हणजे काय ते वाचायला लावलंत.'

'नकार. सर्दीनं डोळ्यांतून पाणी येतंय, तरी तुमचं पान उघडलं. पाण्याला न्याय मिळेल असं त्यात काही नाही.'

आणि ऐक, या शेवटच्या नकारानंतर काय झालं. तुझं इस्त्रीवरचं एक उत्तर आहे ना, त्यात 'वाफ' हा शब्द आहे. चष्म्यानं त्याला दुवा लावून पाठवला. उघडला, तर सर्दीवर वाफ कशी घ्यावी. इस्त्रीच्या उत्तरात. मी त्याच्या खाली लिहिलं, 'नकार. कापडाला सर्दी होत नाही.' मूर्खपणाला काही हद्द असते की नाही?

खरं सांगू, आता मी ते दुवे उघडतही नाही. चष्मा दिसला की नकार. चादरीच्या घडीसारखं झालंय, हात आपोआप चालतो.

ब्रश द्यायला गेले होते. वाटेत एक माणूस पियानो जिन्यावरून उतरवत होता, त्याला टोक धरायला कोणी नव्हतं. मी धरलं. मग त्यानं वाजवून दाखवला. मग त्याच्या बायकोनं सूप दिलं. ब्रश पिशवीतच आहे.

आईचं म्हणशील तर पहिली ओळ सुचत नाही. कॉलेज सोडल्यावर तिनं एकच विचारलं होतं, 'पुढे काय करायचं ठरवलंयस, ते कुठे लिहून ठेवलंयस का?' मी काही ठरवलंच नव्हतं तर लिहिणार काय. अजूनही नाही ठरवलं. मग पत्रात काय लिहू, चादरी?

भिंगरी


६ एप्रिल

चि. भिंगरी,

वाफ घेतलीस का? घे. सांगणारा कोण आहे ते बघत बसू नकोस.

काम चोख चाललंय. फक्त एक सांगते. नुसतं 'नकार' लिहून मोकळी होऊ नकोस. आत्ता लिहितेस तशा दोन-चार ओळी लिहीत जा, पाय दुखतात, पोटात काय गेलं, बाहेर ऊन आहे का गारठा. समोरच्याला कळलं पाहिजे की जिवंत माणसानं वाचलं. मी हे कट्ट्याच्या भल्यासाठीच सांगतेय.

होय, आईला चादरींचंच लिही. चादरी काय वाईट आहेत?

लोकरीचे मोजे पाठवलेत. एक जरा मोठा झालाय, तो डाव्या पायात घाल. तुझा डावा पाय लहानपणापासून पुढे पळतो.

मावशी


२१ एप्रिल

मावशी,

मोजे मिळाले. डावा मस्त बसला.

बातमी वाईट आहे, बसून वाच. मला काढलं. म्हणजे काही दिवसांपुरतं निलंबित केलं. झालं असं की कट्टा परीक्षकांच्या रांगेत अधूनमधून सापळे लावतो. आधीच पारखलेली, खणखणीत चांगली एखादी सुधारणा तो मुद्दाम रांगेत सोडतो, परीक्षक वाचतो की झोपा काढतो ते बघायला. परवा एकानं शेगडीच्या उत्तरात गॅसची नळी कधी बदलावी याचा दुवा लावलेला होता. मी नाव न बघताच समजले, आला चष्मा. नकार. लगेच पडद्यावर आलं, 'आपण न वाचता निर्णय देत आहात असे दिसते. कृपया विश्रांती घ्यावी.' मावशी, मला आजवर ज्यांनी ज्यांनी काढलं त्यांच्यात इतक्या गोड भाषेत कोणी काढलं नव्हतं.

मग विश्रांती घेता घेता मी परत पाठवलेले सगळे दुवे एकेक उघडून वाचले. चादरींची बाई म्हणते (हो, ती बोलली, पहिल्यांदा), 'घडी चुकली की उलगडूनच बघावी लागते.' ती पूर्वी सर्कशीत होती, ते वेगळं सांगेन.

वाचता वाचता मला माझी एक रीत सापडली. दुवा आधी मनातल्या मनात बोटानं झाकायचा. झाकल्यावर अडलेल्या माणसाचं काही बिघडतं का? नाही बिघडत, तर तो नुसता निळा रंग. बिघडत असेल तर उघडायचा, आणि बघायचं की वाक्य जे म्हणतं तेच पान म्हणतं, का पाहुण्याला भलत्याच गल्लीत सोडून येतं. आणि दुवा उत्तराशी भांडत असेल तर तिथे थांबायचं. कारण मग दोघांतलं एक चुकलेलं असतं, आणि ते दर वेळी दुवाच असेल असं नाही.

तर चष्म्याचा एक दुवा तुझ्या उत्तराशी भांडत होता. तू लिहिलंयस, खालच्या धाग्याची बॉबिन बसते त्या वाटीत दर आठवड्याला तेलाचा थेंब सोडा. चष्म्यानं नव्या मशीनच्या कंपनीची पुस्तिका जोडली होती. 'पाहा: पान नऊ, खालून तिसरी ओळ. या वाटीत तेल घालू नये.' नव्या मशीनांत ती वाटी प्लॅस्टिकची असते म्हणे, तेल तिथे नुसतं साचतं आणि धाग्याला लागतं. मी हा दुवा न उघडता परत पाठवला होता. वर कारणात लिहिलं होतं की मला भूक लागलीय.

आणि आता तुझ्या उत्तराखाली एका शिंपीणबाईंनी लिहिलंय, तू पाहिलं असशीलच. तुझं वाचून त्यांनी तेल घातलं, आणि नवरीच्या पांढऱ्या झग्यावर काखेपासून घेरापर्यंत पिवळी रेघ उठली. 'ज्यांच्यावर विश्वास ठेवला त्यांनी असं करावं', असं शेवटचं वाक्य आहे. तुझं नाव मी सांभाळत होते आणि मीच त्यावर तेल सांडलं.

अजून एक आहे. खालून तिसरी ओळ. जगात खालून कोण मोजतं गं? माझ्या डब्यावर चिठ्ठी असायची, 'पाहा: दप्तर, खालून दुसरा कप्पा.' किल्ली कुठे, तर खालून तिसरा खण. लोक वरून सुरू करतात आणि मध्येच सोडतात, खालच्याला कोणी वालीच नसतो, असं म्हणणारी बाई वाचनालयाच्या संदर्भ विभागात बसते आणि मी तिच्या पोटची आहे.

मावशी, चष्मा म्हणजे आई. तुला माहीत होतं का?

भिंगरी


३० एप्रिल

चि. भिंगरी,

पहिल्याच दिवशी ओळखलं. सुईसाठी गुहेपर्यंत जाणारं माणूस आमच्या घराण्यात एकच आहे.

तुला सांगितलं नाही, कारण सांगितलं असतं तर तू तिचे दुवे परत पाठवले नसतेस. आणि नंतर सांगितलं नाही, कारण तुझे नकार तिच्याकडे जात होते. म्हटलं, पोरगी पत्र लिहीत नाही तर नकार तरी जाऊ देत. आता कळलं असेल कारणं लांब लिही असं का म्हणत होते ते.

आमचं भांडण कशावरून झालं ते तुला कोणी सांगितलं नसेल. ताई दुकानात आली होती. मी एका गिऱ्हाइकाला सांगत होते, धाग्याचा ताण असा ठेवा, टाका असा येईल. ताई मागून म्हणाली, 'पुस्तिकेत तसं नाहीये.' भर दुकानात. मी म्हटलं, मग पुस्तिकेकडूनच दुरुस्त करून घ्या. गिऱ्हाईक मशीन उचलून गेलं, ताई पर्स उचलून गेली. त्या वेळी मी बरोबर होते, हे लिहून ठेव. या वेळी ती बरोबर आहे. मला चूक कळत नाही असं नाही गं. चारचौघांत कळायला नको असते.

झग्याचं ऐक. शिंपीणबाईंना मी लगेच लिहिलं, रेघेवर खडूची पूड दाबून ठेवा, झटका, मग भांडी घासायच्या साबणाचं पाणी, चोळायचं नाही, टिपायचं. रेघ गेली. नवरी लग्नाला गेली. बाईंनी 'आभारी' एवढंच लिहिलं, तेही शेवटी टिंब देऊन. टिंब मला लागलं.

उत्तरात मी सगळ्यात वर लिहिलंय, नव्या मशीनच्या प्लॅस्टिकच्या वाटीत तेल घालू नका. तर खाली कोणी गृहस्थ विचारतात, 'आधी म्हणालात घाला, आता म्हणता नका, याला आधार काय?' हसू नकोस. आधार मागणारा बरोबर आहे, आणि आधार आहे, पण तो ताईनं शोधलाय. मी तो उचलून माझ्या नावावर लावणार नाही. तिच्याच नावानं यायला हवा. आणि तिला 'परत लाव' असं मी सांगणार नाही, ते माझ्या जिभेवर येत नाही, मी दोनदा आरशासमोर म्हणून बघितलं.

तेव्हा तू लिही. मोजे पाठवलेत त्याची फेड समज.

मावशी


८ मे

आई,

पहिली ओळ सुचत नव्हती, म्हणून ही पहिली ओळ नाही असं समज.

मी एका लॉन्ड्रीत चादरींच्या घड्या घालते. हे तुला माहीत आहे, कारण मी 'धागा' शब्दाच्या खाली ते लिहिलं होतं. सर्दी बरी झाली. वाफ घेतली, पण तुझ्या दुव्यावरून नाही, मावशीनं सांगितली म्हणून. तुम्ही दोघी एकमेकींशी न बोलता तेच तेच बोलता, हे तुमच्या लक्षात आलंय का?

तेलाचा दुवा मी न वाचता परत पाठवला. ती माझी चूक. तो चांगला होता. झाकून पाहिलं तर एका नवरीचा झगा बिघडतो, म्हणजे अगदी लागणारा होता. तो पुन्हा लाव. मी अजून निलंबित आहे, म्हणून मावशीच्या हातात जाईल. परीक्षक जागेवर नसला तर उत्तर लिहिणाऱ्याला स्वतःच्या उत्तरातली सुधारणा स्वीकारता येते. ती वाट बघतेय. तिनं सांगितलं नाही, पण ती आरशासमोर सराव करतेय, यावरून मी ओळखलं.

'सुई'चा दुवा मात्र लावू नकोस. तो खरंच वाईट आहे.

पुढे काय करायचं ते अजून ठरलेलं नाही आणि कुठे लिहूनही ठेवलेलं नाही. पण दुसऱ्यानं जोडलेलं नीट लागलंय का, ते उलगडून बघायला मला आवडतं. याला काही नाव असेल तर शोधून ठेव, तुझं कामच आहे ते.

मुद्दा नेहमीच्या जागी आहे.

मला तुझी आठवण येते.

मोठा मोजा डाव्या पायात घातलाय.

भिंगरी


१९ मे

भिंगरी,

पत्र पोहोचलं. सवयीनं खालून वाचलं, त्यामुळे वरचं वाचायला बराच वेळ लागला. चष्मा पुसावा लागला. मी नाकावरच्या चष्म्याबद्दल बोलते आहे.

आता तुझ्या पत्रातल्या चुका.

एक. 'सुई'चा दुवा वाईट नाही. तो मी मनापासून लावला होता. आपण वापरतो त्या वस्तूचं वय माणसाला ठाऊक असावं. मशीन अडलेलं असताना ठाऊक नसलं तरी चालेल, एवढं मान्य.

दुसरी चूक तुझी नाही, माझी आहे. तुझा पहिला नकार आला. खाली नाव होतं 'भिंगरी'. ते नाव मी ठेवलंय, तू वर्षाचीही नव्हतीस आणि पाळण्यातल्या पाळण्यात गोल फिरायचीस. तेव्हापासून मी रोज काहीतरी लावत गेले. कात्री, धागा, गुंडी. लावलं की तुझं उत्तर यायचं. ज्या बाईनं जन्मभर लोकांना सांगितलं की नको तिथे आधार जोडू नका, तिनं 'गुंडी' या शब्दाला दुवा लावला, आणि संध्याकाळी दार लावून घेऊन वाट बघत बसली की मुलगी काय म्हणून नाकारते. एकदा तू लिहिलंस, 'नकार. भूक लागलीय.' त्या दिवशी मला जेवण गेलं नाही, आणि तो तेलाचा दुवा होता हे माझ्याही लक्षात राहिलं नाही. इतक्या खोट्या हाका मारल्यावर खरी हाक ओळखायची कशी? तू चुकलीस ती माझ्यामुळे.

तेलाचा दुवा काल पुन्हा लावला. तासाभरात निकाल आला. जसाच्या तसा देते: 'स्वीकार. कारण: ताईचं बरोबर आहे. ताणाच्या बाबतीत मात्र मीच बरोबर होते.' ताणाचंही मी आता तपासलं. पुस्तिकेची नवी आवृत्ती पाहिली. धाकटीचं बरोबर होतं. तसा दुवा तिच्या त्या उत्तराला लावलाय, पान चार, वरून पहिली ओळ. तिला खालून मोजलेलं चालत नाही म्हणून.

तू विचारलंस त्या कामाला नाव आहे की नाही ते शोधते आहे. सापडेपर्यंत करत राहा. ब्रश परत दे.

शेवटची चूक. तुझ्या पत्रावर तुझा पत्ता नाही. ना आत, ना पाकिटावर. तरीही हे पत्र तुझ्या लॉन्ड्रीच्या दारात कसं आलं असं तू विचारशील, आणि विचारायलाच हवं, म्हणून आधार देते.

पाहा: मावशी, फोनवर, आज सकाळी. पहिल्याच घंटेला उचलला.

आई